बापाची साक्ष

घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हे आपल्या घरांत कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. मूल ते बघून बघूनच शिकते. पाहुणे आले की आवाज खाली येतात, भांडण अर्ध्यावर थांबते आणि काल रात्री ज्या पोराने मार खाल्ला, त्याच्याच हातून सरबताचे ग्लास बाहेर पाठवले जातात. याला आपण इज्जत म्हणतो. दीनच्या भाषेत त्याला सतर म्हणतात, उर्दूत परदापोशी. जो दुसऱ्याचा दोष झाकील त्याचे दोष कयामतच्या दिवशी अल्लाह झाकील, या आशयाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गीबत करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, हा कुरआनातला दृष्टान्तही सर्वांना ठाऊक आहे.

पण त्याच कुरआनात सूरह निसाची १३५वी आयत आहे. न्यायासाठी साक्ष द्यायला उभे राहा, ती साक्ष स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा जवळच्या नातलगांच्या विरुद्ध जात असली तरीही, असा तिचा अर्थ. या आयतीवर खुतबे कमी होतात, असे माझे निरीक्षण आहे. झाकण्याचा हुकूम आणि सांगण्याचा हुकूम शेजारी शेजारी असताना आपण झाकण्याचा तेवढा उचलला, कारण तो सोयीचा आहे आणि सर्वांत जास्त सोयीचा तो बापाला आहे.

म्हणून प्रश्न असा की, बापाने आपल्या घराविषयी, आपल्या मुलांविषयी, स्वतःच्या बाप असण्याविषयी खरे लिहावे काय? त्याला तो हक्क आहे काय? की तो बेइमानीच करतो?

हा प्रश्न कुणी सर्वांत कठीण परिस्थितीत सोडवायचा प्रयत्न केला असेल, तर तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बापांनी. मराठी वाचकाला हे लोक अगदी परके नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. पण आपण त्यांच्याकडे पाहिले ते बंडखोर म्हणून, कवी म्हणून, गुलाम म्हणून. बाप म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. आपण विद्रोही माणसाच्या घरात डोकावत नाही, ही आपली जुनी सवय आहे.

बाप असणे म्हणजे काय, हे त्यांना कायद्यानेच नाकारले होते. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. म्हणजे गोऱ्या मालकाने गुलाम स्त्रीपासून मूल जन्माला घातले तरी ते त्याची मालमत्ताच, आणि काळ्या बापाचे तर कागदोपत्री अस्तित्वच नाही. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात सुरुवातीलाच सांगून टाकले की आपला बाप गोरा होता, तो आपला मालकच होता अशी कुजबूज होती आणि खात्री करून घेण्याचा मार्ग आपल्याला उपलब्ध नव्हता. शाळेच्या दाखल्यावर ‘वालिद का नाम’ हा रकाना भरून घेताना हे वाक्य मला अनेकदा आठवते.

डग्लसइतके प्रसिद्ध नसलेले एक नाव हेन्री बिब यांचे. केंटकीतला हा गुलाम. मलिंडा ही त्यांची बायको, मेरी फ्रान्सिस ही मुलगी. आई-बाप शेतात राबायला जात तेव्हा लहानगी मालकाच्या घरात राही. मालकिणीने तिला असे मारले की चेहऱ्यावर हाताचा ठसा उमटला, आणि बापाने तो ठसा पाहिला आणि गप्प राहिला. गप्प राहणे भागच होते. बिब पळाले, स्वतंत्र मुलुखात पोचले आणि बायको-मुलीला काढून आणायला परत आले, पकडले गेले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी लुइझियानात ताटातूट झाली ती कायमची. १८४९ साली त्यांनी हे सारे छापले. त्यात त्यांनी जे लिहिले ते कोणताही बाप लिहायला धजणार नाही. ही मुलगी मी जन्माला घातलेला पहिला आणि शेवटचा गुलाम असेल, या आशयाचे ते विधान आहे. मुलीवर जीव टाकणारा माणूस, तिच्यासाठी बेड्या पत्करणारा माणूस, आणि तोच म्हणतो की तिला जन्म दिल्याचा मला पस्तावा आहे.

हे वाक्य क्रूर आहे काय? आपल्याकडे एखाद्या बापाने असे लिहिले तर मोहल्ल्यात तोंड दाखवता येणार नाही. पण दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘मुले ही अल्लाहची देणगी, मी धन्य झालो’ हे वाक्य गुलामाच्या तोंडी घातले तर ते मालकाच्या फायद्याचे ठरते. मूल म्हणजे मालकाच्या वहीत वाढलेली एक रक्कम. ते गोड वाक्य खोटे होते, हे कडू वाक्य खरे होते, आणि त्या कडू वाक्यातच त्या मुलीचा मान होता. ती वस्तू नव्हे, माणूस आहे, आणि माणसाला असे जगायला लावणे पाप आहे, हे त्या वाक्यानेच सांगितले. लेकीवरचे प्रेम सांगायला बिब यांना दुसरी भाषा उरली नव्हती.

आता एक अडचण. गुलामी १८६५ मध्ये संपली, तरी काळ्या बापाविरुद्धची फिर्याद संपली नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९६५ मध्ये, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन या सरकारी अधिकाऱ्याने निग्रो कुटुंबावर एक अहवाल लिहिला. त्याचा सूर असा की या समाजाच्या दुखण्याच्या मुळाशी त्याचे मोडलेले कुटुंब आहे, घरात नसलेला बाप आहे. अहवाल लिहिणाऱ्याचा हेतू मदतीचा होता असे म्हणतात, असेलही. पण त्यानंतर ‘बेपत्ता काळा बाप’ ही एक तयार प्रतिमा झाली आणि ती पुढाऱ्यांच्या भाषणांत, सिनेमांत वापरून वापरून गुळगुळीत झाली. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या आरोग्य-आकडेवारी खात्याने एक पाहणी प्रसिद्ध केली. पाच वर्षांखालील मुलांसोबत एका घरात राहणाऱ्या बापांपैकी रोज मुलांना आंघोळ घालणारे, लंगोट बदलणारे, कपडे चढवणारे किती, असा साधा प्रश्न होता. काळे बाप ७० टक्के, गोरे ६० टक्के. लंगोट बदलणारा बाप सिनेमात मात्र क्वचितच दिसला.

तर ज्याच्यावर आधीच फिर्याद आहे, त्याने खरे कसे बोलावे? आपला बाप मारत असे, आपण पोराला वेळ दिला नाही, आपले लग्न मोडले, असे त्याने लिहिले की समोरचा म्हणणार, पाहा, हा स्वतःच कबूल करतोय! एका माणसाची कबुली साऱ्या जमातीचा गुन्हा होते. गोऱ्या लेखकाने आपल्या बापाच्या दारूविषयी लिहिले तर ते त्याच्या बापाविषयी असते. काळ्या लेखकाने लिहिले तर ते काळ्यांविषयी असते.

ही अडचण या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मुस्लिम घरातल्या तलाकबद्दल, बहिणीच्या बंद झालेल्या शाळेबद्दल, बापाच्या हुकमतीबद्दल मराठीत लिहायचे म्हटले की पहिली सूचना आपल्याच लोकांकडून येते. अमुक लिहू नकोस, ते लोक वाचताहेत. ही सूचना देणारा नेहमीच भेकड असतो असे मला वाटत नाही. त्याने दंगल पाहिलेली असते. वर्तमानपत्राने एका घराची गोष्ट घेऊन साऱ्या कौमला कसे झोडपले हे त्याने पाहिलेले असते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा त्यांच्याही समाजातून काहींना वाटलेच की ही उकिरड्याची उकराउकर कशासाठी. हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, त्याला हसून चालत नाही.

उत्तर मला त्या बापांच्याच लेखनात सापडते. सर्वांत आधी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्यात.

डु बॉइस हार्वर्डचे डॉक्टरेट, जॉर्जियात अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक, समाजशास्त्राचे मोठे अभ्यासक. १९०३ मध्ये त्यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ आले. त्यात इतिहास आहे, शेतमजुरांची हलाखी आहे, शिक्षणावरचे वाद आहेत, आणि मध्येच एक प्रकरण आहे ते त्यांच्या पहिल्या मुलाच्या मृत्यूवर. १८९९ च्या मे महिन्यात अटलांटात हे मूल वारले. बर्गहार्ट त्याचे नाव, वय दोन वर्षेही नाही. असे प्रकरण अभ्यासग्रंथात कशाला, असे कोणालाही वाटेल. पण ते प्रकरण काढले तर बाकीचे पुस्तक नुसता अहवाल होईल.

त्यात एका बापाने काय काय कबूल केले आहे ते पाहा. मूल पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आपल्याला आवडले नाही, हास्यास्पद वाटले. प्रेम होते ते त्याच्या आईवर, आणि तिच्या प्रेमातून हळूहळू ते मुलाकडे वळले. मुलाच्या केसांत सोनेरी छटा होती, डोळ्यांत निळी झाक होती, आणि ती पाहून बापाला आनंद नव्हे, अस्वस्थपणा वाटला, कारण आपल्या वंशात हा रंग कोणत्या अत्याचारातून आला असेल हे त्याला ठाऊक होते. मग दहा दिवसांचे आजारपण, मृत्यू, आणि दफनाला नेताना रस्त्यावरच्या गोऱ्यांनी ओठांतल्या ओठांत टाकलेली शिवी. त्या लाल मातीत त्याला पुरायला मन धजेना, म्हणून उत्तरेकडे नेले. आणि त्या शोकाच्या तळाशी त्यांना एक भयंकर समाधान सापडते. सुटला, असे बापाचे मन म्हणते. ज्या अपमानात मी वाढलो त्यात तो वाढणार नाही. हे मनात येते, पुरेसे वाईट आहे. पण ते कागदावर उतरवणे, आणि आपल्या नावाने छापणे?

येथे मला एक दुसरा बाप आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम हेही दीड वर्षाच्या आसपासचे असताना वारले. प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ यांना आश्चर्य वाटले. आपणही रडता? त्यावर ही रहमत आहे, असे उत्तर मिळाले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला यापेक्षा मोठे सांत्वन कोणते? आणि ज्याच्या हाती उम्मत आहे अशा माणसाला यापेक्षा सोयीची अफवा कोणती? पण त्यांनी सर्वांना सांगितले की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. रडू लपवले नाही, आणि रडण्याला आभाळही जोडू दिले नाही. बापाच्या लेखणीला मापदंड हवा असेल तर मला यापेक्षा नेमका सुचत नाही. आपल्या अंकांतून वडिलांवर येणाऱ्या लेखांत दर दोन पानांनी सूर्यग्रहण लागत असते.

आणि तिसरा बाप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार लेकरे त्यांनी गमावली. त्यानंतर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात हा कणखर माणूस असा मोकळा झाला आहे की ते पत्र वाचताना महाडचा सत्याग्रह करणारा हाच काय, असे वाटावे. पुढे १९४६ मध्ये आंबेडकरांनी डु बॉइसना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी पाठवलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. त्या पत्रव्यवहारात मुलांचा विषय नाही, असण्याचे कारणही नाही. पण दोघांनीही आपल्या लेकराला माती दिली होती आणि दोघांनीही ते लिहून ठेवले होते.

शोकापर्यंत ठीक. शोकात बाप निरपराध असतो. प्रश्न खरा अवघड होतो तो बापाच्या हाताशी.

माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र १९६५ मध्ये, त्यांच्या खुनानंतर आले. त्यांचे वडील अर्ल लिटल हे धर्मोपदेशक, मार्कस गार्वी यांच्या चळवळीचे कार्यकर्ते. १९३१ मध्ये ट्रामखाली त्यांचा अंत झाला, गोऱ्यांनी मारून टाकले असे घरच्यांनी मानले. म्हणजे शहीदच. अशा बापाविषयी मुलाने काय लिहावे? माल्कम लिहितात की तो आईला मारत असे, भावंडांना बेदम मारत असे, आणि मला फारसा मारत नसे, बहुधा माझा रंग सर्वांत उजळ होता म्हणून. गोऱ्यांविरुद्ध प्रवचने देणाऱ्या बापाच्या मनात गोऱ्या रंगाचा मोह होता, हे मुलगा सांगतो. हा मुलगा हज करून आलेला मुसलमान आहे. सतरची शिकवण त्याला ठाऊक नसेल असे नाही. तरी त्याने सांगितले, कारण हे झाकले असते तर गुलामी माणसाच्या घरात कुठवर शिरते हे कोणालाच कळले नसते. बाप लहान झाला नाही. उलट मला तो येथे प्रथमच हाडामांसाचा वाटला.

टा-नेहिसी कोट्स यांचे ‘बिट्वीन द वर्ल्ड अँड मी’ २०१५ मध्ये आले, त्या वर्षीचा नॅशनल बुक अवॉर्डही त्याला मिळाला. सारे पुस्तक पंधरा वर्षांच्या मुलाला लिहिलेले पत्र आहे. त्यात आपल्या वडिलांचा पट्टा आहे. वडील पॉल कोट्स ब्लॅक पँथरमधले, नंतर ग्रंथपाल, १९७८ मध्ये बाल्टिमोरला त्यांनी प्रकाशनसंस्था काढली. चार स्त्रियांपासून सात मुले. पुस्तकांवर जिवापाड प्रेम, आणि हातात पट्टा. मी मारले नाही तर पोलीस मारतील, असा त्या पट्ट्यामागचा युक्तिवाद. मुलगा मोठेपणी तो युक्तिवाद समजावून सांगतो. त्यामागे भीती होती, आपले मूल आपल्याला कोणीतरी मारून परत देईल ही भीती होती, असे म्हणतो. पण त्या पट्ट्याने आपण वाचलो, असे काही तो छातीठोक सांगत नाही. धूर आगीची सूचना देतो की स्वतःच गुदमरवतो, अशा संभ्रमात तो प्रश्न ठेवून देतो.

हा युक्तिवाद आपल्याला कसा परका असेल? मदरशात, शाळेत मूल सोडायला आलेला बाप म्हणतो, हड्डी हमारी, गोश्त आपका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी बंद केली, तरी हे वाक्य बंद झालेले नाही. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत क्रौर्य नसते. बाहेरचे जग आमच्या पोराला माफ करणार नाही, म्हणून तुम्हीच आधी त्याला घडवा, एवढेच त्याला म्हणायचे असते. आणि सहावी-सातवीच्या वर्गाला ‘मेरे वालिद’ हा मजमून दिला की पन्नास वह्यांत पन्नास वेळा एकच बाप येतो. पाच वक्त नमाजी, मेहनती, सख्त पण रहमदिल. अर्धे बाप आखातात आहेत, वर्षातून एक महिना घरी येतात. त्यांच्याविषयीही हेच. मुले खोटे लिहीत नाहीत. दुसरी वाक्ये त्यांना कोणी दिलेलीच नाहीत. मुशायऱ्यात आईचा शेर आला की सभागृह उभे राहते, मुनव्वर राना यांनी तर आईला ग़ज़लेत घर बांधून दिले. बापाला अजून ओसरीही मिळालेली नाही.

आता दीनच्या बाजूने एक पक्का आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. रात्री केलेला गुनाह अल्लाहने झाकला आणि सकाळी माणसाने स्वतःच तो उघडा करून सांगितला, अशा माणसाला माफी नाही, या आशयाची हदीस आहे. मग आत्मकथन म्हणजे हेच नव्हे काय?

माझ्या समजुतीप्रमाणे नव्हे. जो गुनाह बंदा आणि अल्लाह यांच्यात आहे, त्याचा बडेजाव करण्याला ती मनाई आहे. पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, हे निराळे खाते आहे. बापाने मुलाला मारले, मुलीला मुलापेक्षा कमी लेखले, बायकोला आयुष्यभर गप्प ठेवले, तर यात झाकले काय गेले आणि कोणापासून? ज्याच्यावर गेले त्याला तर सगळे माहीत आहे. मुलाच्या पाठीला माहीत आहे. झाकले जाते ते फक्त शेजाऱ्यांपासून. अशा झाकण्याला सतर म्हणणे म्हणजे देणेकऱ्याने वही लपवून तिला हया म्हणण्यासारखे आहे. आणि निसामधल्या त्या आयतीतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतः, मग आई-बाप, मग नातलग. साक्ष स्वतःपासून सुरू होते. जो स्वतःला वगळून बापापासून सुरुवात करतो, त्याच्याविषयी मला शंका येते. जो स्वतःपासून सुरू करून सुनेपर्यंत, भावजयीपर्यंत पोचतो त्याच्याविषयीही येते.

या कसोटीला न उतरलेले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बिल कॉस्बी या विनोदी नटाचे ‘फादरहुड’ १९८६ मध्ये आले आणि लाखांनी खपले. दूरदर्शनवरचा तो अमेरिकेचा लाडका बाप होता. २००४ मध्ये त्याने एका समारंभात गरीब काळ्या आई-बापांना पोरे वाढवण्यावरून जाहीर झापले. पुढे अनेक स्त्रियांनी त्याच्यावर अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या सरकारी वकिलाने दिलेल्या शब्दाच्या मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. मला येथे फक्त त्या पुस्तकाविषयी म्हणायचे आहे. त्यात घर आहे, पोरांचा गोंधळ आहे, हसू आहे, आणि लिहिणाऱ्याला एका वाक्याचीही किंमत मोजावी लागत नाही. अशी पुस्तके वाईट नसतात. पण त्यांना प्रामाणिक म्हणण्याची घाई करू नये.

आणि मुलांचे काय? पंधरा वर्षांच्या पोराला कोणी विचारले होते काय, की तुझे रडणे पुस्तकात घालू? मूल ही अमानत आहे, तर त्याची गोष्टही अमानतच. जॉन एडगर वाइडमन यांनी १९८४ मध्ये ‘ब्रदर्स अँड कीपर्स’ लिहिले, खुनाच्या प्रकरणात जन्मठेप भोगणाऱ्या धाकट्या भावावर. त्यासाठी तुरुंगात जाऊन बसले, भावाची बोली त्याच्याच तोंडून पुस्तकात येऊ दिली, आणि मी भावाचे ऐकतो आहे की पुस्तकासाठी माल गोळा करतो आहे, असे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. दोनच वर्षांनी त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून एका सोबत्याचा खून झाला. याविषयी मात्र मुलाखतीत कोणी छेडले तर ते बोलत नसत. १९९४ च्या ‘फादरअलाँग’च्या शेवटी मुलाला उद्देशून काही पाने आहेत, त्यांत आठवणी आहेत, वाट पाहणे आहे, गुन्ह्याची हकीकत नाही. भावाबाबत इतका उघडा असलेला लेखक मुलाबाबत असा हात राखून का? मला तर हे त्याच प्रामाणिकपणाचे दुसरे अंग वाटते. भावाने आपली गोष्ट सांगितली होती. मुलाची गोष्ट मुलाने अजून सांगितली नव्हती, आणि पलीकडे आणखी एक घर होते, ज्याने आपले पोर गमावले होते.

या कौतुकात एका गोष्टीची चुटपुट राहतेच. डग्लस यांनी तीन आत्मचरित्रे लिहिली, पण ज्या ॲना मरे यांनी त्यांना पळून जायला मदत केली, पाच मुले वाढवली, घर सांभाळले, त्या त्यांत जेमतेम दिसतात. १८६० मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी वारली तेव्हा बाप ब्रिटनमध्ये होता, आई उशाशी होती. उशाशी असणाऱ्यांची पुस्तके फार कमी निघतात. बाप लंगोट बदलतो तेव्हा टक्केवारी निघते, आई बदलते तेव्हा ती धुण्याची बादली असते. कृष्णवर्णीय बापांच्या प्रामाणिकपणाचा सत्कार करताना त्यांच्या पानांतून निसटलेल्या बायकांची नावे घेतली नाहीत तर आपणही तेच झाकल्यासारखे होईल.

कोट्स यांच्या पुस्तकातल्या एका जागी मी अडून बसतो. २०१४ च्या नोव्हेंबरात फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउनला गोळी घालणाऱ्या पोलिसावर खटला भरला जाणार नाही असे जाहीर झाले. मुलगा ते ऐकण्यासाठी रात्री अकरापर्यंत जागा होता. ऐकून उठला, आपल्या खोलीत गेला आणि बापाला बाहेर त्याचे रडणे ऐकू आले. पाच मिनिटांनी बाप आत गेला. त्याने मुलाला जवळ घेतले नाही, सगळे ठीक होईल असेही म्हटले नाही, कारण ते ठीक होईल असे त्याला वाटत नव्हते. ठीक होईल असे न म्हणणे मला समजते, पटतेही. खोटे बोलून मूल झोपवू नये. पण जवळ घेणे हे कोणते खोटे होते? अकरा बिन हाबिस प्रेषितांना म्हणाले होते, मला दहा मुले आहेत, एकाचाही मुका मी कधी घेतला नाही, तेव्हा प्रेषितांच्या मांडीवर नातू होता आणि त्यांनी नापसंतीनेच पाहिले होते. हात वचन देत नाही. आपण दोघेही भितो आहोत, एवढेच तो सांगू शकतो, आणि तेवढे तर कोट्स यांना मान्य होते.

पण हा वाद मी घालू शकतो तो त्यांनी ते लिहिले म्हणून. मी मुलाला जवळ घेतले, आम्ही दोघे खूप रडलो, असे लिहिणे किती सोपे होते, आणि कोणाला कळले असते? कोट्स स्वतः देव मानत नाहीत, तसे त्यांनी पुस्तकात सांगितलेही आहे. त्या मुलाचे नाव मात्र समोरी आहे. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंचांशी वर्षानुवर्षे लढलेले, १८९८ मध्ये पकडले गेलेले आणि १९०० मध्ये गाबोनमध्ये कैदेतच वारलेले समोरी तुरे, ज्यांनी स्वतःला अलमामी म्हणवून घेतले होते, त्यांच्यावरून ठेवलेले.